मधला फेज

बोरखेडीत लाईट गेली की लोक तारांकडं किंवा डीपीकडं बघत नसत. ते सरळ काशीनाथच्या गिरणीकडं बघत.

याला कारणही तसंच होतं. गिरणी गावाच्या तोंडाशी, गावाला वीज वाटणाऱ्या डीपीला लागूनच. लाईट गेली की आधी गिरणीचा पट्टा ढिला पडे, मोटार अडलेल्या जनावरासारखी घुमायला लागे आणि तो आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जाई. मग वरच्या आळीतले दिवे गेलेले दिसत. आधी आवाज, मागनं अंधार. तेव्हा अंधार गिरणीनंच केला, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

काशीनाथ शेतात असे, त्यामुळं गिरणी बघायची ती कावेरीनं. पदर खोचून, पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्यांनी ती दगडी पाळ्यांचा आवाज ऐकत बसे. मोटार घुमायला लागली की उडी मारून ती आधी स्विच ओढी. मोटारीला तीन फेज लागतात, एक गेल्यावर ती तशीच चालू ठेवली तर जळून जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं. तिचे वडील किशनराव पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि पंखे दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेली की ती तिथंच बसायची. कुठल्या डब्याचा फ्यूज सारखा उडायला लागला की किशनराव नवी तार घालत नसत. फ्यूजच्या जागी ते एक दिवा लटकवत आणि मग एकेक जोड सोडत जात. दिवा लख्ख पेटलेला असला म्हणजे दुखणं अजून अंगात आहे. ज्या जोडावर तो विझला, दुखणं तिथं. कावेरीनं हे कधी शिकायचं म्हणून शिकलं नव्हतं. भाकरी फुगताना बघावी तसं ते तिनं बघितलं होतं.

त्या साली सप्ताह बसला आणि पहिल्याच संध्याकाळी हरिपाठ रंगात आला असताना कर्णा मधेच गप झाला. वरची आळी काळी पडली. खालच्या आळीत मात्र दिवे होते, तिचा फेज वेगळा. पंडित लाइनमन त्या दिवशी शेजारच्या गावात होता, त्यानं येऊन डीपीवर नवी तार घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. सप्ताहाचे महाराज बिचारे कर्ण्याविनाच म्हणत राहिले. पण सरपंच व्यंकटराव देशमुखांनी दुपारच्या आतच पारावर माणसं जमवली.

व्यंकटराव मोठे खातेदार. मनानं वाईट नव्हते, पण एकदा बोललेला शब्द मागं घेणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"काशीनाथ, आता लय झालं," ते म्हणाले. "देवाच्या कामात इघ्न यायलंय. सप्ताह हाय तवर गिरणी बंद. आन पुढं बी तुजं ते तीन फेजचं कनेक्शन काढायला लावतो मी. पंडितला सांगावा धाडलाय."

काशीनाथ मान खाली घालून उभा होता. "तुमी म्हणताल तसं, अण्णा," तो म्हणाला.

बायका देवळाच्या भिंतीकडेला उभ्या होत्या. त्यांच्यातून कावेरी पुढं झाली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"मामा, एक सांगू का? गिरणीत तीन फ्यूज हायत. तिन्ही शाबूत हायत. डीपीवरचा जातो तो मधला. दर टायमाला मधलाच."

"मंग?"

"गिरणीचा कसूर असता तर पयले गिरणीतलेच उडाले असते. त्यांची तार बारीक हाय. घरात आग लागल्यावर धूर पयला घरातच हुतो की."

दोन-चार जण हसले. व्यंकटरावही हसले, पण त्यांच्या हसण्यात राग होता.

"पोरी, तुजा बाप रेल्वेत होता ते मालूम हाय मला. पन हितं रेल न्हाई. माज्या घरी ये आन बघ. गावात लाईट आली तवापून माजा फ्यूज एकदाबी गेला न्हाई. लाईट वापरायची बी रीत असती."

यावर सगळेच हसले. पंगतीचं पीठ ताडकळसहून दळून आणायचं ठरलं आणि बैठक उठली.

कावेरी घरी आली ती तोंड लाल करून. सासू कडूबाई ओसरीवर बसली होती. तिच्यापुढं शेजारची सरजाबाई ज्वारीची टोपली घेऊन. गिरणीला कुलूप लागल्यामुळं बायका धान्य परत न्यायला येत होत्या. कडूबाईची जीभ साऱ्या गावाला माहीत होती आणि सुनेला तर त्याहून जास्त.

"केलंस नाव आमचं?" ती म्हणाली. "चार माणसांत बोलायची काय गरज होती? गिरणी गेली तर गेली. माजी सासू जात्यावर दळायची, मी दळलं, तू बी दळ."

असं म्हणून ती खरोखरच उठली. कोपऱ्यातलं जातं झाडलं, टोपलीतली मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. चार-सहा फेरे झाले असतील. मग तिचा हात खांद्यात भरून आला. ती थांबली. पुन्हा ओढायला लागली, पुन्हा थांबली.

"कावेरे," कडूबाई खुंट्यावरचा हात न काढताच म्हणाली, "तू म्हणलीस ते खरं हाय का?"

"खरं हाय, आत्याबाई."

"खात्री हाय?"

"गिरणीत न्हाई, एवढी खात्री हाय. कुठं हाय ते मातूर हुडकावं लागंल."

"मंग हितं माजं तोंड बघत कशाला बसलीस?"

पंडित लाइनमन आला तो सायकलवर, घामानं डबडबलेला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनं एसट्या उभ्या होत्या, त्यामुळं पूर्णेहून त्यानं तशीच सायकल हाणली होती. वरच्या आळीला डीपीवर फ्यूज घालायचा आणि मग गिरणीची तार सोडायची, असा त्याला निरोप होता. कावेरीनं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. किशनरावांची मुलगी म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्याचा थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली होता.

"पंडितभाऊ, मधलाच जातो का न्हाई?"

"मधलाच जातो, ताई. मी बी हैराण हाय. पन मी एकटा काय काय बघू? इतक्या गावांची लाईन हाय माज्याकडं. फ्यूज घालतो आन पुढं जातो."

"आज एकदा फ्यूजच्या जागी दिवा लावू या का? मोठा दिवा."

पंडितनं कप खाली ठेवला. ती काय म्हणतेय ते त्याला लगेच कळलं. त्याला हे येत नव्हतं असं नाही, पण एखाद्या डब्यात नाही, घरात नाही, सगळ्या आळीवर ही युक्ती करायची म्हणजे वेगळं होतं.

"मधल्या फेजवरच्या तमाम घरांनी मेन स्विच बंद करायला पायजे," तो म्हणाला. "मंग एकेकानं चालू करायचं आन बंद करायचं. ज्याच्या घरी दिवा भक्कन पेटला, तिथं कसूर. पन गाव ऐकंल का?"

"गावाचं मला सांगू नका," कडूबाई आतून म्हणाली आणि चप्पल पायात घालून बाहेर पडली.

तिनं पुरुषांना काही विचारलंच नाही. वरच्या आळीतल्या एकेका घरात जाऊन तिनं बायकांना बाहेर काढलं. "गिरणी पायजे का जातं पायजे?" एवढा एकच सवाल. जातं कुणालाच नको होतं. थोड्या वेळात प्रत्येक घरात मेनजवळ एक बाई उभी राहिली आणि आळीच्या वळणावर कडूबाई. डीपीजवळ पंडित आणि कावेरी. पंडितनं मधला फ्यूज काढून त्या जागी होल्डरमधला मोठा दिवा जोडला.

"टाक गंऽ सरजे!" कडूबाईनं हाळी दिली.

सरजाबाईनं मेन वर केला. डीपीवरच्या दिव्याची तार जराशी लाल झाली, बस. घरातला दिवा पेटल्याची ती खूण. यात काही वावगं नव्हतं.

"काढ गंऽ! आता मनकर्णा, तू टाक!"

अशी ती हाळी घरोघर फिरली. देऊळ झालं, शाळामास्तरचं घर झालं, शेवटी व्यंकटरावांचं झालं. त्यांच्या बायकोनं, कमलबाईनं, हसत हसत मेन टाकला आणि काढला. दिवा सगळीकडं तेवढाच लाल. कुठंच भक्कन पेटला नाही.

पारावरून बघणाऱ्या पुरुषांत आता उघड हसाहशी सुरू झाली. काशीनाथ शेतातून आला होता. तो कावेरीजवळ येऊन हळूच म्हणाला, "चल घरी. बास झालं."

पंडितनं दिवा काढून फ्यूज घातला. मग खाली बघतच त्यानं गिरणीची तार सोडली. "हुकूम हाय, ताई," तो म्हणाला. "माजा इलाज न्हाई."

कावेरी डीपीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाणी येत होतं, ते तिनं येऊ दिलं नाही. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? ते कधी घाईनं म्हणाले नसते, की दुखणं नाही. ते म्हणाले असते, आत्ता नाही. गाडी यार्डात उभी असताना शाबूत असलेला डबा गाडी धावायला लागल्यावर फ्यूज उडवतो. मग दुखणं धावण्यात शोधायचं, उभ्या डब्यात नाही.

फ्यूज जातो कधी? सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी एकदाही नाही. सकाळ-संध्याकाळ गिरणी चालते म्हणून गिरणीवर आळ. पण सकाळ-संध्याकाळ गावात आणखी पुष्कळ काही चालतं, जे दुपारी चालत नाही.

"पंडितभाऊ," ती म्हणाली, "दिवे लागणीपतूर थांबा. आता तर गिरणीची तार बी सोडलीय. तरी संध्याकाळी फ्यूज जाणार."

"आन न्हाई गेला तर?"

"न्हाई गेला तर मी सोताहून पारावर येऊन सांगते, की कसूर गिरणीचाच हुता."

हे बोलणं काशीनाथनं ऐकलं. तो चरकला. पण आता त्यालाही काहीतरी वाटलं असावं. त्यानं पंडितची सायकल उचलून आपल्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "जेवूनच जावा आता."

ऊन कललं. रानातून जनावरं परतायला लागली. गल्ल्यांत धूळ उठली, घंटांचा आवाज आला, धारा काढायला बायका चरव्या घेऊन निघाल्या. देवळापुढं माणसं जमली. कर्णेवाल्यानं फुंकर मारून माईक तपासला आणि हरिपाठ सुरू झाला. कावेरी गिरणीच्या पायरीवर बसली होती. गिरणीच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप. पाठीमागं कडूबाई उभी, शेजारी काशीनाथ.

दुसरा अभंग निम्मा झाला आणि डीपीवर फटकन आवाज झाला. कर्णा गप. वरची आळी काळी.

सवयीनं सगळ्या गावानं माना वळवल्या, गिरणीकडं. गिरणी बंद होती. मोटार घुमली नव्हती. दाराला कुलूप होतं, तार डीपीवरून सुटून लोंबकळत होती आणि पायरीपाशी तीन माणसं शांतपणे थांबलेली होती.

त्या शांततेत कडूबाईचा आवाज असा निघाला की कर्ण्याची गरज पडली नाही. "आता बघा की! आता कुणाकडं बघायलाव?"

कुणी हसलं नाही. व्यंकटराव देवळाच्या पायरीवरून खाली उतरले, डीपीपर्यंत चालत आले, सुटलेली तार त्यांनी डोळ्यांनी बघितली. मग म्हणाले, "पंडित, लाव रे तुजा दिवा परत."

या वेळी बायकांना बोलवावं लागलं नाही. कंदील घेऊन त्या आपापल्या मेनजवळ धावल्या. पुरुष डीपीभोवती दाटले. अंधारात दिव्याचा काचेचा गोळा तेवढा चमकत होता.

"टाक गंऽ सरजे!"

जराशी लाली. "काढ! मनकर्णा, टाक!"

जराशी लाली. हाळी पुढं पुढं सरकत गेली. दर हाळीला माणसं श्वास धरत आणि सोडत. देऊळ झालं. मास्तरांचं घर झालं. शेवटी आळीच्या टोकाकडं तोंड करून कडूबाई ओरडली, "कमलबाईऽ, टाका!"

दिवा भक्कन पेटला. पांढराफेक उजेड पडला. इतका वेळ नुसते आवाज असलेली माणसं एकदम चेहऱ्यांनिशी उभी राहिली. कावेरीला सगळ्यांत आधी व्यंकटरावांचा चेहरा दिसला. ते दिव्याकडं बघत होते, जसं कुणी आपल्याच घराला लागलेल्या आगीकडं बघावं. मग दिवा बसला, लाल झाला. पुन्हा भक्कन पेटला. पुन्हा बसला.

"असा का करायलाय हा?" पंडित पुटपुटला.

"काढा, मामी! मेन काढा!" कावेरी ओरडली आणि धावत सुटली. तिच्यामागं सगळी माणसं.

व्यंकटराव घरात शिरता शिरता म्हणत होते, "अगं पन माजा फ्यूज तर कवाच जात न्हाई."

"म्हणूनच, मामा," ती म्हणाली. मेन बंद आहे हे तिनं हात न लावता आधी बघितलं, पंडितनं टेस्टर लावून खात्री केली आणि मग तिनं चिनी मातीचा फ्यूज ओढून कंदिलापुढं धरला. आत फ्यूजची केसासारखी तार असायला हवी होती. तिथं तांब्याच्या तारांचा जाड पीळ घातलेला होता, बैलाच्या वेसणीसारखा. "ही तार जळत न्हाई. हिच्यातून सगळा लोड तसाच म्होरं जातो आन डीपीवरची तार जळती. घरातला फ्यूज गेला असता तर तुमची एकट्याची लाईट गेली असती. तो जात न्हाई म्हणून सगळ्या आळीची जायलीय."

"सदाशिव वायरमननं घालून देलती," व्यंकटराव म्हणाले. "म्होरं कटकट नको म्हणून मीच म्हणलो होतो घाल."

या घरात मेनपासून तारांच्या तीन वाटा निघत होत्या. एक बैठकीकडं, एक माजघराकडं, एक मागं गोठ्याकडं. तिथं कडब्याची कुट्टी करायची नवी मोटार बसवली होती. पंडितनं तिन्ही सोडल्या आणि एकेक जोडून मेन टाकायला सांगितलं. डीपीजवळ काशीनाथ मागं थांबला होता. तो तिथून ओरडून सांगे. बैठक जोडली. "न्हाई!" माजघर जोडलं. "न्हाई!" गोठा जोडला.

"पेटलाऽ! विझला... पेटलाऽ!"

मेन काढला आणि सगळे गोठ्यात गेले. कंदिलाच्या उजेडात कमलबाईची दुभती म्हैस दाव्याला हिसडे देत होती. तिचं रेडकू पलीकडं बांधलेलं, त्याच्याकडं तिची ओढ. हिसडा दिला की दावं ताणलं जाई, मागं सरली की ढिलं पडे. दावं बांधलं होतं लाकडी मेढीला. कुट्टीच्या मोटारीची जोडतार त्याच मेढीवरून खाली आणलेली होती आणि दाव्याचा फास नेमका तिच्यावरून गेला होता. रोज घासून घासून तारेवरचं रबर गेलं होतं. उघडं तांबं काळंठिक्कर पडलेलं. म्हशीनं हिसडा दिला, फास आवळला आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. ती मागं सरली, तारा सुटल्या.

कुणीतरी म्हणालं, "आयला, म्हैस गावाची लाईट घालवायली व्हय!" तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला, पण या वेळी तो कावेरीवर नव्हता.

दुपारी म्हैस रानात होती. म्हणून दुपारी दिवा पेटला नव्हता.

हसत नव्हती ती एकटी कमलबाई. तिनं चरवी खाली ठेवली होती. "चार दिस झालं," ती हळूच म्हणाली, "दावं सोडताना हाताला मुंग्या यायल्यात. दावं ओलं असतं ना. मला वाटलं वातच हाय. म्हैस बी धारंला उभी राहीना झाली. मी तिच्यावरून मिरच्या उतरून टाकल्या."

हे ऐकलं आणि व्यंकटराव गव्हाणीच्या कडेवर बसले. ओल्या जमिनीकडं त्यांनी बघितलं, बायकोच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग ते उठले, दस्तीनं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माजी गल्लत झाली. लय मोठी गल्लत झाली. पंडित, पयली ही तार तोड. मंग माजा फ्यूज नीट घाल. आन मंग गिरणीची तार जोड." जरा थांबून कावेरीकडं वळले. "पोरी, सकाळी पारावर तू बराबर बोलत होतीस. आमाला ऐकू आलं न्हाई."

एवढ्या माणसांत मान वर करून उभं राहायची कावेरीला सवय नव्हती. पण मान खाली गेली नाही, हे तिचं तिलाच जाणवलं. पायांत असं काही बळ आलं होतं की आत्ता कुणी म्हणालं असतं तर ती पूर्णेपर्यंत पळत गेली असती.

पंडितनं गोठ्याची तार तोडून गुंडाळून टाकली. म्हशीचं दावं दुसऱ्या मेढीला गेलं. फ्यूजमध्ये केसासारखी तार बसली. मग डीपीवर त्यानं दिवा काढला आणि मधला फ्यूज घातला. वरच्या आळीचे दिवे एकदम लागले आणि कर्णा, जो मघाशी अभंगाच्या मध्यावर गप झाला होता, तो खरखरत जागा झाला. देवळापुढच्या पोरांनी आरोळी ठोकली. महाराजांनी टाळ उचलले आणि राहिलेल्या कडव्यापासून सुरुवात केली.

इकडं काशीनाथनं कुलूप काढलं. कावेरीनं पट्टा हातानं फिरवून बघितला, पाळ्यांच्या मधे फुंकर मारली आणि स्विच टाकला. मोटार घुमली नाही. तिनं सरळ वेग घेतला. पट्टा फटफटला, घरघर सुरू झाली आणि पिठाच्या नळीतून पहिला गरम झोत बाहेर आला. दाराशी कुणाची तरी सावली पडली. व्यंकटराव होते. खांद्यावर सप्ताहाच्या पंगतीचा गहू, स्वतः उचललेला. सरपंचांनी पोतं उचललेलं गावानं कधी बघितलं नव्हतं.

"ताडकळसला कशाला जायचं," ते म्हणाले. "घाल."

त्यांच्या मागं सरजाबाई आणि मनकर्णा टोपल्या घेऊन, त्यांच्या मागं आणखी बायका. कडूबाईनं दाराशीच ठाण मांडलं आणि कुणाची टोपली कुणाच्या आधी याचा बंदोबस्त चालू केला. तेवढ्या गलक्यातही तिला सून काय काय म्हणाली होती ते पुन्हा पुन्हा सांगायला सवड मिळत होती. दर सांगण्यात कावेरीचं बोलणं थोडं वाढत होतं. कावेरीनं ते ऐकलं, पण दुरुस्त केलं नाही.

सप्ताह निर्विघ्न पार पडला. पण बोरखेडीतलं खरं काम त्यानंतर सुरू झालं. "आमच्या बी फ्यूजमधे बघ की गं," असं म्हणत एकेक बाई यायला लागली आणि घरोघरच्या फ्यूजमधून काय काय निघालं! कुणाच्यात सायकलच्या ब्रेकची तार, कुणाच्यात शर्टाच्या हँगरचा तुकडा, मास्तरांच्या घरात तर चक्क खिळा. कावेरीनं ते सगळं उपटून काढलं. मात्र नवी तार तिनं स्वतः घातली नाही. ज्या बाईचं घर, तिच्याच हातात ती द्यायची. आधी मेन खाली, मग टेस्टर, पायात चप्पल, हात कोरडा, आणि मग तार. मेनला हात लावायला भिणाऱ्या बायका पंधरवड्यात एकमेकींना तार कशी आवळायची ते सांगायला लागल्या. पाहुण्यांत बोलता बोलता ही बातमी बाहेर गेली. पालमचा चंद्रभान आपली जीप घेऊन आला. भोंगा वाजवला की जीपचा फ्यूज उडतो आणि मागचे दिवे जातात, अशी त्याची तक्रार. गाडीतलं कावेरीला काही येत नव्हतं. तिनं तसं सांगितलंही. पण बारा व्होल्टचा छोटा दिवा फ्यूजच्या जागी लावून ती भोंग्यापासून तारेच्या मागं मागं गेली आणि चाकाच्या आडोशाला पत्र्यानं चिरलेली तार सापडली. चंद्रभान परत जाताना गावाबाहेर पडेपर्यंत भोंगा वाजवत गेला.

दिवाळीच्या सुमाराला व्यंकटरावांकडं परभणीचे पाहुणे जेवायला आले होते. पंगत बसली. ताटं वाढली. कुणीतरी माजघरात इस्त्री लावली आणि घर अंधारलं. व्यंकटराव पाटावरून उठणार, तेवढ्यात आतून कमलबाईचा आवाज आला, "बसा तुमी. जेवा."

माणसं अंधारात बसली. आतून मेन खाली पडल्याचा खटका ऐकू आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पेचकस फिरल्याची बारीक कुरकुर. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "वायरमनला बोलवायला पाठवू का कुणाला?" व्यंकटरावांनी अंधारातच पोळीचा तुकडा मोडला.

दिवे लागले. बैठकीच्या दारात कमलबाई उभी होती. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या मोठ्या चपला, हातात पेचकस. चेहरा असा की जणू तिनंच लाईट तयार केली होती. आळीच्या त्या टोकाच्या ओट्यावरून सरजाबाईनं हाळी दिली, "काय झालं गंऽ कमल?"

"काय न्हाई! फ्यूज उडाला होता," कमलबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमचाच उडाला! तुमचा दिवा हाय ना?"

"हाय की!"

"मी घातला!" असं ओरडून ती पुन्हा पाहुण्यांना भाजी वाढायला वळली.